विधेयक ‘मंजूर’ झालं म्हणजे नेमकं कुठे पोचलं?

 

आजचा भाग एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे ‘मंजूर’.

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की फोनवर टणाटण नोटिफिकेशन यायला लागतात. ‘अमुक विधेयक विधानसभेत मंजूर.’ लगेच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘चला, आता कायदा आला, बघून घेऊ.’ दुसरा म्हणतो, ‘झालं, आता सगळं संपलं.’ दोघंही घाई करत असतात. मुंबईहून निघालेली गाडी कर्जतला लागली म्हणजे पुणं आलं असं आपण म्हणतो का? पुढे अख्खा घाट असतो. काही गाड्या तो चटकन चढतात, काही मध्येच थांबतात आणि काही तर परत यार्डात जातात. विधेयकांचंही तसंच आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे कोड लिहून झाला, तपासून झाला, मूळ कोडमध्ये मर्ज झाला, तरी तो तुमच्या फोनवर पोचला असं कोणी म्हणत नाही. प्रत्येक कामाचं ‘स्टेटस’ वेगळं लिहिलेलं असतं. विधेयकालाही स्टेटस असतं, फक्त बातमीत ते क्वचितच सांगितलं जातं. आणि ते माहीत असणं गरजेचं आहे, कारण विधेयक कुठल्या टप्प्यावर अडकलंय यावर ते जगणार की मरणार हे ठरतं, आणि त्यात तुम्हाला-मला काही बोलता येणार की नाही, हेही.

आधी रस्ता बघू. महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत. विधानसभेत २८८ आमदार आणि विधानपरिषदेत ७८. अशी दोन सभागृहं देशात फक्त सहा राज्यांत आहेत. वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपुरात अधिवेशन भरतं त्यामागे १९५३ चा नागपूर करार आहे.

सरकारी विधेयक सुरू होतं ते मंत्रालयात. एखादा विभाग मसुदा करतो, विधी व न्याय विभाग तो तपासतो, मंत्रिमंडळ मान्यता देतं. मग मंत्री सभागृहात ते मांडतात. ‘मांडलं’ हा पहिला टप्पा. इथे चर्चा जवळजवळ नसतेच. विधेयक फक्त अधिकृतपणे टेबलावर येतं, त्याला एक क्रमांक मिळतो. पुढे त्यावर चर्चा होते. मग एकेक खंड मताला टाकला जातो. विधेयकातल्या कलमाला ‘खंड’ म्हणतात, कायदा झाल्यावर त्याचं ‘कलम’ होतं, एवढं लक्षात ठेवा. शेवटी ‘विधेयक मंजूर करण्यात यावे’ असा प्रस्ताव येतो, अध्यक्ष ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे’ वगैरे म्हणतात, आणि बहुतेक वेळा आवाजी मतदानाने काम होतं. मग हीच सगळी फेरी दुसऱ्या सभागृहात.

आता कोणी विचारेल, विधानपरिषद नाही म्हणाली तर? तर राज्यघटनेत विधानसभेचं पारडं जड ठेवलंय. साध्या विधेयकावर परिषद फार तर तीन महिने बसू शकते. नंतर विधानसभेने ते पुन्हा मंजूर केलं की परिषदेकडे आणखी एकच महिना. तो संपला की विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं असं धरलं जातं. धनविधेयकाला तर चौदाच दिवस. म्हणजे परिषदेला उशीर करता येतो, कायमचं अडवता येत नाही.

कागदावर हे असं आहे. आता प्रत्यक्षात काय झालं ते ऐका.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती वर्षानुवर्षं एका कायद्यासाठी झगडत होते. नरबळी, अघोरी उपाय, भूत उतरवायचं म्हणून माणसाला बांधून मारणं, गुप्तधनासाठी जिवावर उठणं, असल्या गोष्टींना थेट गुन्हा ठरवणारा कायदा. डिसेंबर २००५ मध्ये तो विधानसभेत मंजूर झाला. ‘मंजूर’! पण पुढे विधानपरिषदेत अडकला. आता तुम्ही म्हणाल, तीन महिने झाल्यावर विधानसभेने पुन्हा मंजूर करायचा ना! बरोबर. किल्ली घटनेने दिलेली होती. ती फिरवायची राजकीय इच्छा मात्र लागते, आणि ती दिसली नाही.

मग २००९ च्या निवडणुका आल्या. इथे घटनेचं कलम १९६ येतं. नियम असा: अधिवेशन संपलं म्हणून विधेयक मरत नाही. पण विधानसभेची मुदत संपली किंवा ती विसर्जित झाली, तर तिच्याकडे पडून असलेली विधेयकं तिच्याबरोबर जातात. आणि तिने मंजूर केलेली, पण परिषदेत लटकलेली विधेयकंसुद्धा जातात. याला ‘व्यपगत होणं’ म्हणतात. शब्द कोरडा आहे, अर्थ मात्र सरळ आहे: पाटी कोरी, पुन्हा पहिल्यापासून.

तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. २०११ मध्ये नवं विधेयक मांडलं गेलं. तेही अधिवेशनामागून अधिवेशन पुढे ढकललं गेलं. आणि २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेश काढायचं ठरवलं, काही दिवसांत राज्यपालांची सही झाली. अध्यादेश म्हणजे अधिवेशन चालू नसताना काढलेला तात्पुरता कायदा. सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याच्या जागी विधेयक मंजूर झालं नाही तर तो संपतो. त्यामुळे डिसेंबर २०१३ मध्ये, नागपूरच्या अधिवेशनात, दोन्ही सभागृहांनी ते विधेयक मंजूर केलं.

हिशेब करा. २००५ ते २०१३ या आठ वर्षांत जे झालं नाही, ते ऑगस्ट ते डिसेंबर, चार महिन्यांत झालं. नियम तेच होते, सभागृहं तीच होती. त्यामुळे ‘प्रक्रियेला वेळ लागतो’ असं कोणी सांगितलं की मी विचारतो, नेमका कुठल्या टप्प्यावर, आणि कोणाच्या टेबलावर? मधल्या आठ वर्षांत ज्यांना भगताने चटके दिले, त्यांच्यासाठी हा कायदा अस्तित्वातच नव्हता, कारण ‘विधानसभेत मंजूर’ या शब्दांवर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होत नाही.

आता दुसरं उदाहरण, अगदी उलट्या टोकाचं. १९९५ मध्ये, मनोहर जोशी मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. गोहत्येवर बंदी १९७६ च्या कायद्याने होतीच, ती बैल आणि वळूंपर्यंत नेणारं हे विधेयक होतं. तुम्ही त्या कायद्याच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, आज आपण फक्त त्याचा प्रवास बघतोय. हे विधेयक राष्ट्रपतींकडे गेलं आणि तिथे राहिलं. १९९९, २००४, २००९, २०१४ अशा चार विधानसभा निवडणुका झाल्या. सरकारं बदलली. आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रपतींची अनुमती मिळाली, मार्चमध्ये तो कायदा लागू झाला. माझ्या जन्माआधी मंजूर झालेलं विधेयक मी बारावीत असताना कायदा झालं!

ते व्यपगत का नाही झालं? कारण ते सभागृहात नव्हतंच. दोन्ही सभागृहांनी हात धुऊन ते पुढे पाठवलं होतं. कलम १९६ विधिमंडळात पडून असलेल्या विधेयकांबद्दल बोलतं. राष्ट्रपती भवनात गेलेल्या विधेयकाला विधानसभेच्या निवडणुकीचा वारा लागत नाही.

बघा आता दोन्ही शेजारी ठेवून. एक विधेयक विधानसभेत मंजूर होऊन परिषदेत थांबलं, चार वर्षांत मेलं. दुसरं दोन्हीकडे मंजूर होऊन दिल्लीत थांबलं, वीस वर्षं जगलं. दोन्हींच्या बातमीत शब्द एकच होता: मंजूर.

राष्ट्रपतींकडे विधेयक का जातं, हेही थोडक्यात सांगतो. दोन्ही सभागृहं झाली की विधेयक राज्यपालांकडे जातं. त्यांच्यापुढे मुख्य वाटा अशा: अनुमती द्यायची, अनुमती रोखून फेरविचारासाठी परत पाठवायचं, किंवा राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवायचं. काही विषय केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत येतात, म्हणजे समवर्ती सूचीतले. अशा विषयात राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी भिडत असेल, तर राष्ट्रपतींच्या अनुमतीशिवाय तो टिकत नाही. फौजदारी कायदा हा तसाच विषय.

म्हणून येतो शक्ती विधेयकाचा मुद्दा. महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठी कठोर शिक्षा, तपासाला आणि खटल्याला कमी मुदती, अशा तरतुदींचं हे विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने त्यात बदल केले. उदाहरणार्थ, तपासाची मूळ मुदत पंधरा दिवसांची होती, ती तीस दिवस झाली. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत ते एकमताने मंजूर झालं. बातम्या तुम्हालाही आठवत असतील. मग ते राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी गेलं.

हे विधेयक भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता यांमध्ये महाराष्ट्रापुरते बदल करणारं होतं. आणि १ जुलै २०२४ ला या दोन्ही संहिताच गेल्या, त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्या. तोवर अनुमती आलेली नव्हती. ज्या भिंतीत खिळा ठोकायचा, ती भिंतच पाडली गेली. आंध्र प्रदेशचं दिशा विधेयक, ज्यावरून ‘शक्ती’ची प्रेरणा घेतली होती, तेही २०१९ मध्ये मंजूर होऊन अनुमतीअभावी अडकलेलं होतं. म्हणजे वाट कुठे बंद होते हे आधीच दिसत होतं.

यात पणाला काय लागलंय? समजा एखाद्या मुलीवर प्रसंग आला आणि तिला कोणी सांगितलं, ‘अगं, शक्ती कायदा आहे ना, तीस दिवसांत तपास होतो.’ ती त्या भरवशावर चालली, तर तिच्या हातात काय पडेल? तिच्या कामाला येईल तो लागू असलेला कायदा. तिला धीर देताना आपणही लागू असलेल्या कायद्याबद्दलच बोलायला हवं. ‘मंजूर’ आणि ‘लागू’ यांतला फरक इथे माणसाच्या अंगावर येतो.

मग राज्यपालांना किंवा राष्ट्रपतींना काही मुदत असते की नाही? घटनेत राज्यपालांबाबत ‘शक्य तितक्या लवकर’ अशा अर्थाचे शब्द आहेत, ते विधेयक परत पाठवण्याच्या संदर्भात. दिवसांचा आकडा नाही. तामिळनाडूच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मुदती ठरवून दिल्या आणि रखडलेल्या दहा विधेयकांना अनुमती मिळाली असं मानलं. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाचं मत मागवलं. २० नोव्हेंबर २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिलं की न्यायालय अशा ठरावीक मुदती घालू शकत नाही आणि ‘अनुमती मिळाली असं मानणं’ही घटनेत बसत नाही. मात्र राज्यपालांना काहीच न सांगता अनिश्चित काळ बसून राहता येणार नाही, तशा वेळी निर्णय घ्या, एवढं न्यायालय सांगू शकतं. थोडक्यात, भिंतीवर लावलेलं घड्याळ सात महिन्यांनी उतरवलं गेलं.

आता इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बाबा, यात आपण कुठे? आमदार मत देणार, राज्यपाल सही करणार, आपण काय नुसतं स्टेटस बघत बसायचं?

तर या रस्त्यावर एक स्टेशन असं आहे जिथे आपल्याला चढता येतं. ते म्हणजे समिती.

जनसुरक्षा विधेयक घ्या. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं जुलै २०२४ मध्ये, पावसाळी अधिवेशनाच्या अगदी अखेरीला. ते मंजूर झालं नाही, नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, आणि मघाचाच नियम लागला: विधेयक त्या विधानसभेबरोबर गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात ते पुन्हा मांडलं गेलं. या वेळी ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवलं गेलं, अध्यक्ष होते चंद्रशेखर बावनकुळे. समितीने जनतेकडून सूचना आणि हरकती मागवल्या. त्या आल्या बारा हजारांहून जास्त.

काय बदललं? मूळ मसुद्यात व्यक्ती आणि संघटना यांच्या बेकायदेशीर कृत्यांबद्दल इतकी मोघम भाषा होती की आंदोलन करणाऱ्या कोणालाही ती चिकटवता येईल, हा मुख्य आक्षेप होता. समितीनंतर उद्देशात कडव्या डाव्या विचारसरणीच्या आणि तत्सम संघटना असा उल्लेख आला. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा किमान दर्जा उपनिरीक्षकावरून पोलीस उपअधीक्षकापर्यंत वर गेला. संघटनेवरच्या बंदीची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळाची रचनाही बदलली. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. विधानसभेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकमेव आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. बाहेरच्या अनेक संघटनांचंही समाधान झालं नाही, ‘तत्सम’ या शब्दात अजून भरपूर जागा आहे असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते तो आक्षेप बिनबुडाचा नाही. कायद्यात ‘तत्सम’, ‘वगैरे’, ‘इतर कोणतीही’ असे शब्द दिसले की तिथे थांबून वाचायचं.

पण जुलै २०२४ चा मसुदा आणि जुलै २०२५ चा मसुदा शेजारी ठेवले तर फरक दिसतो. मधल्या काळात समिती होती आणि लोकांनी लिहिलेलं होतं. समितीकडे न जाता, मांडल्यावर दोन-चार दिवसांत दोन्ही सभागृहांतून सटकून जाणाऱ्या विधेयकांत ही जागाच मिळत नाही. म्हणून बातमीत ‘संयुक्त समितीकडे’ हे शब्द आले की विरोधकांचा विजय किंवा सरकारची माघार असं काही न समजता पहिला प्रश्न विचारायचा: सूचना कधीपर्यंत पाठवायच्यात?

आणि लिहायचं कसं? ‘ॲप बेकार आहे’ असा रिव्ह्यू आला तर आम्हाला काहीही दुरुस्त करता येत नाही. ‘या स्क्रीनवर, हे बटण दाबल्यावर, असं होतं’ असं कळलं तर काम होतं. समितीला लिहितानाही तसंच. खंड क्रमांक लिहा. कोणता शब्द खटकतो ते लिहा. त्यामुळे कोणाला काय त्रास होऊ शकतो ते दोन वाक्यांत लिहा. त्याऐवजी कोणता शब्द हवा तेही लिहा. चार ओळी पुरतात. भाषा मराठी चालते. विधेयकं मराठीत असतात, आणि वाचताना सुरुवात शेवटून करा. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. हा कायदा कशाला हवा, हे सरकारने तिथे सांगितलेलं असतं. मग मागे जाऊन बघा, खंड त्या उद्देशाएवढेच आहेत की त्याहून बरेच रुंद.

शेवटचा टप्पा राहिला. अनुमती मिळाली, सही झाली, राजपत्रात छापून आलं, अधिनियम क्रमांक मिळाला. झालं? थांबा. पहिल्याच कलमात कधीकधी लिहिलेलं असतं की शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा दिनांकास हा कायदा अंमलात येईल. म्हणजे तारीख वेगळी. तुमच्यातले जे भाड्याने राहतात त्यांच्या कामाचा कायदा घ्या, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम. नावात १९९९ आहे, पण तो लागू झाला ३१ मार्च २००० पासून.

तेव्हा पुढच्या वेळी नोटिफिकेशन आलं की चार प्रश्न. एक, विधेयकाचा क्रमांक आणि वर्ष काय? दोन, कुठल्या सभागृहात मंजूर झालं आणि कुठलं बाकी आहे? तीन, राज्यपालांकडे आहे की राष्ट्रपतींकडे? चार, राजपत्रात आलं का आणि लागू होण्याची तारीख कोणती? पहिल्या दोन प्रश्नांसाठी महाराष्ट्र विधानमंडळाची वेबसाइट आहे, तिथे विधेयकांच्या पीडीएफ मिळतात. शेवटच्या प्रश्नासाठी शासनाचं राजपत्र ऑनलाइन आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्थाही राज्यांची विधेयकं एका ठिकाणी ठेवते. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, एका रीलच्या नादात त्याहून जास्त वेळ जातो.

आता गृहपाठ. जनसुरक्षा विधेयकाची गोष्ट मी मुद्दाम दोन्ही सभागृहांपर्यंतच सांगितली. पुढचे दोन प्रश्न, तिसरा आणि चौथा, तुम्ही लावून बघा. तुम्ही हा भाग ऐकताय त्या तारखेला ते कुठे आहे, हे शोधा आणि कुठल्या कागदावर सापडलं ते मला लिहून पाठवा. बातमीची लिंक चालणार नाही, राजपत्राचं पान हवं.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.